रेझरच्या डबीतला अर्धा मोर

भंगारवाल्याच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही, त्याच्या हातांकडे बघावं. माल खोटा असला की हात स्वस्थ बसत नाहीत, वस्तू उगाच पुसत राहतात. दर शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की मी कुर्ल्याच्या भंगार गल्लीत जायचो आणि आधी हात बघायचो, मग माल. समोरचा खोटंच बोलणार असं धरून चाललं की फसायला होत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आई म्हणायची, "तू देवाकडे पण पावती मागतलंस."

मला हवे असायचे प्रवासाचे सेफ्टी रेझर. जुने, विलायती. घरचा रेझर अख्खा असतो, प्रवासाचा सुटा होऊन चपट्या डबीत बसतो. दांडी मधोमध फिरकीने उघडते, टोपी आणि खालची दातेरी पट्टी एकीवर एक झोपतात, ब्लेडच्या पाकिटाला वेगळा कप्पा, आणि झाकणाच्या आत तळहातापेक्षा लहान आरसा. साहेब लोक गेले, त्यांचे नोकर गेले, आणि ह्या डब्या कुठल्या कुठल्या माळ्यावरून उतरून भंगारात आल्या. गिरण्यांचा संप लांबला त्या वर्षी तर लोकांच्या घरातलं काय काय त्या गल्लीत येऊन पडत होतं, बघवत नसे.

मी ते नुसते जमवत नव्हतो, त्यांनी दाढी करायचो. आणलेला रेझर उकळत्या पाण्यात घालायचा, तुरटीच्या पाण्यात बुडवायचा, फिरकीत अडकलेला दुसऱ्याचा साबण टाचणीने काढायचा. तेव्हा हटकून मनात यायचं, कुणाच्या गालावर फिरला असेल हा? मेलेल्या की जित्या? निकेलचा एक जर्मन होता, तो हनुवटीच्या खळीत हमखास चावायचा. बेकेलाइटच्या दांडीचा इतका हलका, की गालावर फिरतोय की नाही कळायचंच नाही, आणि मग फेसात लाल दिसायचं. जुना रेझर दाबायचा नसतो, त्याच्या वजनाने त्याला चालू द्यायचं. हे शिकेपर्यंत ऑफिसात मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, "काय रे, मांजर पाळलंयस का?"

मिशीला मात्र मी हात लावत नव्हतो. बाप जिवंत असताना मुलाने मिशी उतरवायची नाही, ही आमच्याकडची रीत. बाप गेला की दहाव्याला डोक्याबरोबर मिशी उतरते. मी टोकं जरा बारीक केली तरी आईच्या लक्षात यायचं. "बापूस जितो आसा तुझो," ती मोरीच्या दाराशी उभी राहून म्हणायची. "मिशेक कात्री कित्याक लावलंस?"

बाप जिता आहे हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी नववीत असताना तो इंदूरला म्हणून गेला, तो गेलाच. गिरण्यांमध्ये माग बसवून देणाऱ्या कंपनीत तो फिटर होता, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. काका चौकशीला गेला तेव्हा ऑफिसात सांगितलं, ते तर गेल्याच महिन्यात हिशेब घेऊन नोकरी सोडून गेले. आई म्हणाली, ऑफिसवाले खोटं बोलतात, कुठेतरी अपघात झाला असेल, डोक्याला मार लागून घर आठवत नसेल. मी तिच्याशी वाद घातला नाही. पण घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत मी झोपायचो ते एक कान दाराकडे ठेवून, आणि रस्त्यात वडिलांच्या चालीचा माणूस दिसला की त्याच्या पुढे जाऊन वळून बघायचो. माझा संशयी स्वभाव तिथून सुरू झाला.

आता खरी गोष्ट सांगतो. वडिलांकडे असाच एक प्रवासाचा रेझर होता. त्याच्या डबीतला आरसा एकदा फुटला. दुसऱ्या दिवशी टूर होती. त्यांनी आईची फणी-कुंकवाची फणेरपेटी घेतली, तिच्या आरशावर एका कोपऱ्यात मोर रंगवलेला होता, आणि कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून तो आरसा कापून डबीत बसवून आणला. कापताना मोराचे दोन तुकडे झाले. पिसारा डबीत गेला, मान आणि तुरा असलेली पट्टी पेटीत राहिली. आई तेव्हापासून मोरीवरच्या फुटक्या आरशात बघून कुंकू लावायची, आणि इतक्या वर्षांनीही कढीला फोडणी देता देता मधेच म्हणायची, "माझो आरसो नेल्यान. विचारल्यान पण नाय."

तर मी तो पिसारा शोधत होतो. डबी सापडली तर वडिलांचा माग लागेल, एवढंच. शेजारीपाजारी विचारायचे, तू कधी कसारा ओलांडला नाहीस, तुला प्रवासाचे रेझर कशाला रे? मी म्हणायचो, छंद. आईलाही छंदच सांगितलं होतं. मी नवी डबी आणली की ती आधी हातात घ्यायची, झाकण उघडायची, आत बघायची आणि परत द्यायची. बायकांना आरशाची हौस असते, इतकंच माझ्या डोक्यात आलं. एवढा संशयी म्हणवणारा मी, तिच्यावर संशय घ्यायचं काही मला सुचलं नाही.

त्या वर्षी काकाने घाई लावली. तो चेंबूरहून दर रविवारी यायचा. "वहिनी, बारा वर्षं होत आली. एवढी वर्षं पत्ता नाही तो मेला धरायचा, असं शास्त्र आहे. दर्भाचा पुतळा करून विधी उरकून टाकू, दादाच्या आत्म्याला तरी सुटका." मला वाटायचं, गावचं घर नावावर करून घ्यायला ह्याला दादा मेलेला हवाय. तसं नसेलही. आई एकच वाक्य बोलायची, "पुतळो जाळूक मी देवचंय नाय," आणि चहाचं आधण ठेवायची. पुतळा जळला असता तर तिचं कुंकू पुसलं गेलं असतं आणि माझी मिशी गेली असती. ती दोन्हींची राखण करत होती. पण काकाच्या मागे आता गावची भावकीही लागली होती, आणि ती थकत चालली आहे हे मला दिसत होतं.

अशातल्या एका शनिवारी भंगारवाल्याने माझ्यासमोर गोणी उपडी केली. कुकरचं झाकण, दूध पावडरचे डबे, लहान मुलाची मोडकी तीनचाकी, लाल रंगाची, आणि त्याच्याखाली एक पत्र्याची चपटी डबी. मी झाकण उघडलं. आत पिसारा होता. निळा, हिरवा, कडेला तिरका कापलेला.

आरसा बघितला, रेझर बघितला. टोपीखाली ब्लेड होतं. मुंबईच्या हवेत ओलं ब्लेड आठवड्यात तांबूस होतं, हे लखलखीत होतं. पट्टीच्या दातांत साबण होता, नखाने दाबला तर मऊ. म्हणजे ह्या आठवड्यात कुणीतरी ह्याने दाढी केली होती.

"कुठून आणलंस?"

"घर का माल है साब, चोरी का नहीं. बाई ने खुद दिया."

"कुठली बाई?"

"गिऱ्हाईक का पत्ता नहीं देते. लेना है तो लो."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. ते मांडीवर स्वस्थ होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हा खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं.

घरी येईपर्यंत मी मनात हजार गोष्टी रचल्या. चोराने वडिलांकडून चोरला असेल. वडील वारले असतील, कुणीतरी उचलला असेल. ते कुठे लॉजवर विसरले असतील. सगळं खोटं आहे हे मला रचतानाच कळत होतं. ठरवलं, आईला दाखवायचं नाही.

"आज काय हाडलंस?" तिने दारातच विचारलं.

"काही नाही. सगळा भिकार माल."

ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, आणि हात पँटच्या खिशावरून फिरत होता. "दाखय," ती म्हणाली.

तिने डबी उघडली. किंचाळेल, रडेल, मला वाटलं. ती उठली, फळीवरून फणेरपेटी काढली, आरशाची पट्टी काढून डबीतल्या आरशाला लावली. मान पिसाऱ्याला चिकटली. रेषाही हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इतकी वर्षं माझी प्रत्येक डबी ती कशासाठी उघडत होती. एका घरात राहून आम्ही दोघं एकच वस्तू शोधत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

मग तिने रेझर नाकाशी नेला. साबणाला बोट लावलं. "गोणीत आणि काय होतां?"

मी सांगितलं. कुकरचं झाकण, दूध पावडरचे डबे. अडखळलो.

"आणि?"

"लहान मुलाची तीनचाकी."

तिने डबी मांडीवर ठेवली. खाली नळावर बायका भांडत होत्या, नेहमीसारख्याच. "जेका घराकडे बसान दाढी करूची आसा," ती शेवटी म्हणाली, "तेका प्रवासाचो रेझर कित्याक?"

मला असा राग आला! कुर्ल्यात! आमच्यापासून दोन स्टेशनांवर! मी म्हणालो, आत्ता जातो, त्या भंगारवाल्याच्या नरड्याला धरतो आणि पत्ता काढतो. तिने माझा सदरा धरला. "जावचा नाय," ती म्हणाली. "अपघात झालो म्हणान मी वाट बघलंय. ह्येच्यासाठी नाय." पत्ता मी कधीच विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी तापवलं, माझा ब्रश काढून ठेवला आणि वडिलांचा रेझर नवं ब्लेड घालून माझ्या हातात दिला. "मिशी काढ."

"अगं, पण ते जिवंत आहेत."

"तां माका म्हायत आसा. काढ."

ती डबीचं झाकण माझ्यासमोर धरून बसली. हात जराही हलत नव्हता. मला मात्र दोन ठिकाणी कापलं. वरच्या ओठाला कधी हवा लागलेली नव्हती, तिथे गार वाटलं. तिने तुरटीचा खडा दिला आणि आतल्या खोलीत गेली.

दहाच्या सुमाराला काका आला. माझ्याकडे बघून दारातच थिजला. "कधी? कुठून कळलं?" त्याचा आवाज फाटला, डोळे भरून आले, आणि त्याच्याबद्दलचा माझा संशय त्या क्षणी गेला. मग आई बाहेर आली. कपाळावर कुंकू, रोजच्याहून मोठं. काका कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघू लागला.

"वहिनी, हे काय? ह्याची मिशी उतरवली आणि तुमचं कुंकू..."

"ह्येचो बापूस मेलो," आई म्हणाली. "माझो घोव जितो आसा. चाय घेतास मां?"

काकाने पुतळ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. चहा पिऊन झाल्यावर आईने सुरीच्या टोकाने डबीतला आरसा उचकटला आणि पेटीत, मोराच्या मानेशेजारी नेऊन बसवला. रिकामी डबी आणि रेझर तिने मला परत दिला, तुझ्या छंदात ठेव म्हणाली. बाकीच्या रेझरांनी मी अजून दाढी करतो. वडिलांच्या रेझरने परत कधी केली नाही, आणि मिशीही परत ठेवली नाही.