साहेबांची केळी आणि महेबूबची भिंत

तिसऱ्यांदा चुना मारला, तरी भिंतीवर काळी बुरशी पुन्हा आली. दौंडच्या सरकारी क्वार्टर्समधली ही मागची खोली आमच्या ऑफिसातल्या महेबूब कारकुनाची. खाटेवर त्याची दोन वर्षांची नूर बसली होती. तिच्या छातीची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. मी तिथला ओव्हरसियर. दुरुस्ती माझ्याकडे, हुकूम साहेबांचा.

महेबूबची बायको रशिदा म्हणाली, "निमोण्याला आईकडं नेली तवा खोकला पार गेला हुता. हितं आणली आन् पुन्हा सुरू. डॉक्टर म्हंत्यात, औषध देतो, पर ह्या खोलीत ठिवू नका. कुठं ठिवू?"

मी साहेबांकडे गेलो.

"या लोकांना राहायची रीत नाही," साहेब म्हणाले. "खिडक्या बंद ठेवतात."

रशिदाची खिडकी दिवसभर उघडी असायची. साहेबांनी ती खोली कधी पाहिलीच नव्हती.

"मग काय करू?"

"चुना मारा. जरा दाट मारा."

इंजिनियरिंगची पदवी घेऊन माणूस इथवर पोचला होता.

मी भिंतीच्या मागच्या बाजूला गेलो. तिकडे साहेबांच्या बंगल्याचं आवार. भिंतीला लागून केळी लावलेली, बुंध्याशी मातीचा उंच ढीग, आणि न्हाणीचं सगळं पाणी त्यात सोडलेलं. जोत्यावर डीपीसी नावाचा एक थर असतो. जमिनीतली ओल त्याच्यावर चढत नाही. पण माती त्या थराच्याही वर गेली होती. ओल थेट भिंतीत शिरत होती आणि आम्ही आतून तिला चुना फासत होतो.

हे साहेबांना सांगितलं.

"केळीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "बाईसाहेबांनी हौसेनं लावलीत."

"पोरीला श्वास घेता येत नाही, साहेब."

"ते डॉक्टरचं काम. तुम्ही तुमचं करा."

मी माझं केलं. साहेब दौऱ्यावर गेले, तेव्हा गडी लावून केळी उपटली, माती जोत्याखाली उतरवली, न्हाणीचं पाणी गटारात काढून दिलं. आतला कुजका गिलावा खरवडला. भिंत खडखडीत वाळेपर्यंत पोरीला निमोण्याला ठेवायला सांगितलं. नवा गिलावा झाल्यावर रशिदा तिला घेऊन आली. पुढच्या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली. पोरीला सर्दी झाली, पण छाती वाजली नाही.

दौऱ्यावरून आल्या आल्या साहेबांनी मला बोलावलं होतं. "कुणाच्या परवानगीनं?"

"तुम्हीच म्हणालात, तुमचं काम करा."

त्यानंतर महिन्याच्या आत माझी शिरूरला बदली झाली. पुढचं सगळं मला महेबूबनं कळवलं. वरिष्ठ तपासणीला आले, तेव्हा साहेबांनी त्यांना ती कोरडी भिंत दाखवली आणि दाट चुन्याचा गुण सांगितला. वरिष्ठांनी मान डोलावली. तेही इंजिनियरच होते.

नव्या ओव्हरसियरांना मी एवढंच सांगतो. ओल कुठून येते ते आधी शोधा. ती साहेबांच्या आवारातून येत असेल, तर सामान बांधून ठेवा आणि मग खणा.