तिमीशचा गुडघा

लुक्यान बेरेझ्नी सात फुटांना दोन बोटं कमी. युक्रेनमधल्या क्रेमेंचुकच्या बसमध्ये चढताना तो इतका वाकायचा की म्हाताऱ्या बाया हसायच्या, "पाया पडू नकोस रे बाळा, नुसता आत ये!"

या उंचीचा बास्केटबॉल खेळाडू केला तो त्याच्या मित्रानं, तिमीशनं. तिमीश जेमतेम त्याच्या खांद्याला लागायचा. पण लुक्यान बास्केटखाली वळला की तिमीशनं टाकलेला चेंडू तिथं आधीच हजर. सहा वर्षं दोघं गावच्या संघातून खेळले. पेपरात नाव लुक्यानचं यायचं.

चोविसाव्या वर्षी पोलंडच्या एका संघाचा माणूस त्यांचा सामना बघायला आला. त्याला दोघंही आवडले. तिमीश अंघोळीला गेला तेव्हा त्या माणसानं लुक्यानला सहज विचारलं, "तुझा मित्र डावा पाय जपतो. काही दुखणं आहे का?"

होतं. सामन्याआधी तिमीश गुडघा आवळून बांधायचा, हे एकट्या लुक्यानला माहीत होतं. "नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. लुक्यान म्हणाला, "ते त्यालाच विचारा," आणि खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला. मनात भीती होती: हा सोबत आला, तर तिथंही लोक म्हणतील, तिमीशशिवाय हा नुसता खांब.

त्या माणसानं तिमीशला काहीच विचारलं नाही. करार एकट्या लुक्यानचा झाला.

"जा रे, जिराफा," स्टेशनवर तिमीशनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "पास मिळाला नाही तर रडत फोन करू नकोस!"

लुक्यान अकरा वर्षं खेळला. पोलंड, मग तुर्कस्तान, शेवटी रुमानिया. प्रत्येक प्रशिक्षक एकच ओरडायचा, "इतक्या लवकर का वळतोस? चेंडू कुठाय अजून?" तिमीशला फोन करणं त्यानं हळूहळू थांबवलं. त्याचं मोकळं हसणं सोसवेना.

पस्तिशीत तो घरी परतला. तिमीश शाळेत खेळ शिकवत होता, लंगडत. शिक्षकांच्या खोलीत चहा ओतून तो म्हणाला, "बोल, काय एवढं महत्त्वाचं?"

लुक्याननं सगळं सांगितलं.

तिमीश साखर ढवळत म्हणाला, "मला वाटलं, मी वाईट खेळलो. तो सामना मनात किती वेळा खेळलो असेन, कुठं चुकलो ते शोधत. मग दुप्पट सराव केला, त्याच गुडघ्यावर. तीन वर्षांत तो गेला."

"मला माफ..."

"गुडघ्यामुळं राहिलो हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर दोन शिव्या हासडून ऑपरेशन करून घेतलं असतं रे. आजही खेळत असतो कदाचित." तो उठला. "चहा पी. माझा तास आहे."

आता बाजारात भेट होते. तिमीश थांबतो, लुक्यानच्या आईची तब्येत विचारतो. तेवढं बोलून झालं की त्याला घाई असते. लुक्यान हो-हो म्हणतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत उभा राहतो.