बावीस प्रश्न आणि आप्पांची डिझेल गाडी

कायमची बिघडलेली गाडी आली की गॅरेजात काम होतं. मधूनच बिघडणारी आली की किस्सा होतो! कर्नाटकातल्या सीमाभागात, मच्छेच्या इंडस्ट्रियल एरियात, रस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. मालक यल्लाप्पा मिस्त्री, म्हणजे आमचे अण्णा, तीस वर्षांपासून जुन्या डिझेल गाड्या उघडतायत. मी मेकॅनिकल इंजिनिअर, त्यांच्याकडे दोन वर्षं आहे. माझा एकच आग्रह आहे: पुरावा मिळाल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. अण्णांना तो मान्य आहे. फक्त मी तो गिऱ्हाइकासमोर बोलू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

या आग्रहापायी दोन वर्षांत पुरावे मोजकेच जमले. किस्से मात्र ढीगभर.

* * *

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते निपाणीच्या आप्पांच्या गाडीनं.

आप्पा सत्तरी ओलांडलेले. तंबाखूचा व्यापार मुलाकडे, महावीरकडे सोपवलेला. दर शनिवारी स्वतः गाडी चालवत कोल्हापूरला थोरल्या बहिणीला भेटायला जातात. त्या आक्कांना आता दिसत नाही. पण गल्लीच्या कोपऱ्यावर गाडीचा धडधडाट ऐकू आला की त्या सुनेला चहा ठेवायला सांगतात.

येताना मात्र कागल ओलांडलं की गाडी आचके देते आणि बंद पडते. दर शनिवारी नाही, कधीकधी. मग कुणीतरी बॉनेट उघडून डिझेलचा हातपंप मारत बसतं. अर्ध्या तासानं ती अशी चालू होते, जणू काही झालंच नव्हतं.

आप्पांचं घर जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. गाडी रस्त्यात अडकली की आप्पा थेट दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणार. त्यात शुगर. महावीरनं शेवटचं सांगून टाकलं होतं, "अजून एकदा उपाशी घरला आलासा, तर गाडी भंगारात."

आमच्याकडे येईपर्यंत चार गॅरेजं झाली होती. आप्पा बोटांवर मोजत म्हणाले, "फिल्टर नवा, फीड पंप नवा, इंजेक्टर नवं, बॅटरी नवी. जुना म्हणशील तर रोग तेवढा शिल्लक हाय."

इंजिनला जाणारं डिझेल तुटतंय आणि बॅटरी बदलली! मला तिथंच रडू आलं असतं.

* * *

अशा गाड्यांसाठी मी बावीस प्रश्नांचा एक फॉर्म केला होता. इंजिन गरम होतं की गार? चढ की उतार? धूर कुठल्या रंगाचा? स्पीड किती? हेतू शास्त्रीय होता.

नंदगडच्या एकानं 'आवाजाचे वर्णन करा' याच्यापुढं लिहिलं, 'फोन करा, करून दाखवतो.'

मी केला. स्पीकरवर टाकला. तो माणूस तिकडं तोंडानं घुर्र-टक-टक करतोय आणि इकडं मी, अण्णा आणि शेजारचा वेल्डर फोनभोवती उभे. मला वाटलं, अण्णा आता माझा फॉर्म फाडणार. अण्णांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता जरा थर्डला टाकून दाखव."

त्यानं थर्डचाही आवाज काढून दाखवला की!

आप्पांनी मात्र बावीसच्या बावीस उत्तरं सुरेख अक्षरात, कन्नडमध्ये लिहून आणली. अण्णांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. एकाही उत्तरात चूक नव्हती आणि एकाचाही उपयोग नव्हता.

* * *

सहा महिने भांडून मी अण्णांना स्कॅनर घ्यायला लावला होता. गाडीला वायर लावायची, बिघाड स्क्रीनवर येतो, वाद मिटला. पहिला मान आप्पांच्या गाडीला दिला.

डॅशबोर्डखाली शिरून मी वायर लावायचं सॉकेट शोधू लागलो. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, स्टिअरिंगखाली नाही. शर्टाला माती, तोंडाला जळमटं. गाडीचं दार धरून अण्णा वाकून बघत होते.

"ही जन्माला आली तवा ह्ये न्हवतं रं," ते शेवटी म्हणाले. "नाकात घालून बघ, न्हायतर कानात."

* * *

खानापूरच्या एका क्लार्कची गाडी खड्डा आला की बंद पडायची. त्याच क्षणी डॅशबोर्डवरच्या गणपतीचा दिवाही जायचा. तो म्हणाला, "देव विझला की गाडी थांबती. म्होरं कायतरी धोका असतोय."

मी दोन दिवस वायरी शोधल्या. इंजिनला डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरीलाच कुणीतरी पीळ देऊन देवाचा दिवा जोडला होता. जोड सैल. खड्डा बसला की दोघं एकदमच जायचे. देवाला वेगळी वायर दिली, जुना जोड सोल्डर केला. पुराव्यानिशी काढलेला पहिला बिघाड! माझी छाती फुगली.

आठवड्यानं क्लार्क परत आला, तोंड पाडून.

"का हो, परत बंद पडली?"

"न्हाय. कवाच न्हाय. पण आता देव काय सांगंनाच झालाय."

* * *

हातपंप मारल्यावर गाडी चालू होते, म्हणजे डिझेलमध्ये कुठून तरी हवा शिरते, एवढं मला कळत होतं. म्हणून आप्पांच्या गाडीला फिल्टरपुढं पारदर्शक नळी बसवली. हवा आली तर बुडबुडे दिसणार. लोंढ्याला जाऊन आलो, नंदगडला जाऊन आलो. दर पाच मैलांवर थांबून बॉनेट उघडलं. एक बुडबुडा नाही. इंजिनपासून टाकीपर्यंत बाहेरचा प्रत्येक जोड पुसून बघितला, कोरडा ठणठणीत.

अण्णा चहाचा कप घेऊन आले. "डिझेल बघायलास का मासं पाळायलास?" मग आप्पांकडं वळून म्हणाले, "आमची अर्धी हयात महाराष्ट्रात जायाच्या घोषणा देण्यात गेली. आन् तुमची गाडी तिथं गेली की दम सोडती."

आप्पा हसले नाहीत. किल्ली हातात फिरवत त्यांनी विचारलं, "मग देऊन टाकू म्हणतासा भंगारात?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, येत्या शनिवारी मी सोबत येतो.

* * *

कोल्हापुरात सगळं सुरळीत झालं. आम्ही कोपऱ्यावर वळलो तोवर चहा उकळत होता. निघताना आक्कांनी माझ्या हातात भाकरीचा डबा दिला. आप्पा म्हणाले, डबा कशाला, उजेडाचं घरी पोचतोय.

"मेकॅनिक संगट हाय म्हंजी गाडी बंद पडणारच की," आक्का म्हणाल्या.

कागल गेलं. दोन आचके, तीन आचके, बंद. मी उडी मारून बॉनेट उघडलं. पारदर्शक नळीत बुडबुडेच बुडबुडे!

"आप्पा, बंद पडली!" मी रस्त्यात ओरडलो. आनंदानं.

मग डॅशबोर्डकडं लक्ष गेलं. डिझेलचा काटा तळाकडं, पाव टाकीच्याही खाली. विचारलं तर आप्पा म्हणाले, डिझेल कोगनोळीच्या पल्याड, कर्नाटकात स्वस्त. म्हणून आठवड्यातून एकदाच, शनिवारी परतल्यावर तिथंच टाकी भरतात.

"आणि आमच्याकडं येताना?"

"फुल करून. मिस्त्रीच्या दारात रिकामी टाकी घिऊन जायाचं बरं दिसत न्हाय."

बाहेरचे जोड कोरडे, म्हणजे बिघाड टाकीच्या आत होता! डिझेल ओढणाऱ्या नळीला वरच्या बाजूला चीर असणार. टाकी भरलेली असली की चीर डिझेलात बुडालेली, टाकी खाली गेली की ती हवा ओढणार. आणि माझ्या बावीस प्रश्नांत, टाकीत डिझेल किती, हा प्रश्नच नव्हता.

पन्नास पावलांवर पेट्रोल पंप होता, पण महाराष्ट्रातला. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकत आला होता. मी म्हटलं, आप्पा, कॅन आणतो, इथंच थोडं टाकू, चीर बुडेल, मावळायच्या आत घरी जेवाल. सोमवारी नळी बदलतो.

आप्पांनी पंपाकडं बघितलं. सूर्याकडं बघितलं. माझ्या हातातला डबा घेतला, रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, चटणी.

तेवढ्यात महावीरचा फोन. कुठंवर आलासा, जेवणाचं काय?

"जेवायलोय की," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

भाकरीचा वास मलाही आला होता. मी हात पुसत जवळ गेलो. आप्पांनी हातातल्या भाकरीनंच बॉनेटकडं खूण केली.

"तू मावळल्यावर बी जेवतोस. हातपंप मार."