टाकीच्या झाकणावरचं स्वस्तिक

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज माझा कागद लावतो आहे, कारण सकाळपासून मन भरून आलं आहे.

मी मोटारींचा मिस्त्री. इगतपुरीच्या रस्त्यावर अडलेल्या एका लॉरीसाठी बोलावणं आलं. ती मैलभर चालायची, बंद पडायची आणि जरा वेळाने पुन्हा सुरू व्हायची.

लॉरीचे मालक आपल्या ड्रायव्हरवर, उस्मानवर, भडकले होते. "हा पेट्रोल विकून रॉकेल मिसळतो, मिस्त्री. आजपासून याला घरी बसवतो."

"अल्लाची शपथ, शेट, मी नाय तसलं काय केलं," उस्मान म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

मी टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी काढून पेट्रोल हातावर घेतलं. रॉकेलचा वास नव्हता. धार मात्र बारीक होत थांबली, आणि टाकी तर अर्धी भरलेली! झाकण उघडलं, तशी टाकीने सूंकन हवा आत ओढली. धार पुन्हा मोकळी झाली.

काल दसऱ्याला मालकांनीच झाकणावर शेंदराचं जाड स्वस्तिक काढलं होतं. हवा आत जायचं छिद्र त्याखाली बुजलं होतं, आणि हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही.

"पूजेत गाडीचं नाकच दाबलं की हो, शेट!" उस्मान म्हणाला.

मालक ओशाळले, मग खो खो हसले. "चल, बस गाडीवर."

मी स्वस्तिकाला मनात नमस्कार करून सुईने छिद्र मोकळं केलं.

लॉऱ्या मी रोजच सुरू करतो. आज एका माणसाच्या नावावरचा डाग पुसला गेला. देवाने हे हात दिले याचा अभिमान वाटला, आणि तसं लिहायला संकोचही वाटत नाही.

तुम्हाला आपल्या कामाचा असा अभिमान कधी वाटला? खाली लिहा.