मास्तरांचं लठ्ठ जहाज

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण शाळेचा आणि त्यांचा संबंध इतकाच की मुलांचे गणवेश तेच शिवायचे. शिवणकामात हात असा बसलेला की कापड समोर पसरलं, टेप फिरली, खडूची रेघ उमटली की कात्री कर्रकन पार. गिऱ्हाइकाला "थांबा हो" म्हणायलाही सवड मिळायची नाही.

तोच माणूस कागदापुढे मात्र गळून जायचा. मास्तरांना नाद होता कागदी मॉडेलच्या पाकिटांचा. जाड कागदावर रंगीत भाग छापलेले असतात. ते कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे, की दीपगृह उभं राहतं, नाहीतर किल्ला, नाहीतर धूर सोडणारं इंजीन. उभं राहतं असं पाकिटावरच्या चित्रात दिसायचं. मास्तरांच्या घरात ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

कारण त्यांचा हिशोबच वेगळा. आवडलेलं मॉडेल एक घ्यायचं बांधायला आणि एक जपून ठेवायला. मग दुकानाच्या पायरीवरच मनात यायचं, बांधताना बिघडलं तर? की लगेच मागे फिरून तिसरं. आणि घरी आल्यावर तिन्ही इतकी कोरी करकरीत दिसायची, की त्यातलं बांधायचं कुठलं हेच ठरायचं नाही. तिन्ही जपून ठेवली जायची.

असं करता करता मधली खोली भरली. पलंगाखाली पवनचक्क्या, कपाटात राजवाडे, दारामागे जिराफांचा अख्खा कळप, सगळे सपाट. काकू, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, देवासमोर बसल्या की डोळे मिटून म्हणायच्या, "देवा, यांना एकतर बांधायची बुद्धी दे, नाहीतर मला दिसेनासं कर."

देवाने तिसराच मार्ग काढला. लेकीचा निरोप आला, बाळाला घेऊन काही महिने राहायला येतेय, रविवारी पोचते. खोली तर लागणारच.

काकूंनी पदर खोचला. "अहो, रद्दीवाल्याला सोमवारी बोलावते."

मास्तरांच्या हातातला चहा बशीत सांडला. "अगं, रद्दी काय म्हणतेस? त्यात तीन मनोरे आहेत!"

"तीन नाही, एकच मनोरा तीनदा आहे. बरं, ऐका. रविवारी लेक दारात यायच्या आत यातलं एक, फक्त एक, बांधून टेबलावर उभं करा. केलंत तर सगळी पाकिटं माळ्यावर राहतील, मी ब्र काढणार नाही. नाहीतर रद्दी. आणि उभं म्हणजे उभं हं! भिंतीला टेकवलेलं चालायचं नाही."

मास्तरांनी आठवडाभर नुसती निवडानिवड केली. शनिवारी दुपारी एकदाचं जहाज निवडलं, तीन पाकिटांतलं त्यातल्या त्यात कोपरा दुमडलेलं. कात्री घेतली. जहाजाचा कागद तसाच समोर, कात्री हवेत, आणि कपाळावर घाम.

काकू दारातून बघत होत्या. "पँट समजा की!"

झालं! हे ऐकलं आणि हात सैल सुटला. कर्रकन एक बाजू, कर्रकन दुसरी. मास्तर गुणगुणायलाच लागले. काकूंनाही राहवेना. त्यांनी नखं कापायची छोटी कात्री आणली आणि जहाजाचा वरचा मजला बरोबर रेघेवर कापून काढला. मग एकेक भाग कडेला कड लावून चिकटवायला बसल्या. मास्तर कापताहेत, काकू चिकटवताहेत, चहा गार होतोय आणि दोघांना शुद्ध नाही.

शेवटी काकूंनी वरचा मजला अलगद जहाजावर ठेवला. तो धप्पकन आत पडला.

"अगंबाई! बुडालं की हो!"

मास्तर चष्मा चढवून वाकले. जहाज चित्रातल्यापेक्षा चांगलं गरगरीत झालं होतं आणि प्रत्येक जोडावर पांढरी पट्टी दिसत होती. "तू कडेवर चिकटवलंस?"

"मग कुठे चिकटवू?"

"अगं, मी चारी बाजूंनी माया सोडून कापलंय! शिवणीला जागा नको?"

"कागदाला कसली आलीय शिवण? आणि सोडलीत तर सांगायचंत ना!"

"दुकानात कारागिराला कधी सांगावं लागतं का?"

"मी कारागीर नाही, बायको आहे!"

आधी काकूंचे खांदे हलले, मग मास्तरांचं पोट. मग असं हसू फुटलं की मास्तरांनी खुर्चीचा आधार घेतला आणि काकूंनी डोळे पुसताना गालाला डिंक लावून घेतला.

"आता हो?"

"आता काय, कमरेत सैल झालंय, आत घ्यायचं." मास्तरांचा आवाजच बदलला. त्यांनी ओला डिंक हलकेच सोडवला, जोड उसवले, टाचण्या लावल्या, खडूने खुणा केल्या आणि जहाज घेऊन थेट मशीनवर बसले. निळा दोरा घातला. बाही फिरवतात तसं जहाज सुईखाली फिरवत गेले, खडखडखड. काकू पुढून धरून, "हळू, नाक आलं, नाक आलं!"

रविवारी सकाळी वरचा मजला नीट बसला. धुराडंही बसलं, जरा कॉलरसारखं. फक्त टेबलावर ठेवलं की जहाज सावकाश कुशीवर वळायचं आणि झोपायचं. मास्तरांनी सरळ केलं, ते झोपलं. पुन्हा केलं, पुन्हा झोपलं. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

मास्तरांचा चेहरा उतरला. "उभं म्हणजे उभं ठरलं होतं. राहू दे. बोलव रद्दीवाल्याला सोमवारी." आणि ते बॅग घ्यायला दाराकडे गेले.

लेक बाळाला कडेवर घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाबा! तुम्ही चक्क बांधलंत?"

मास्तर वळले. जहाज टेबलाच्या मधोमध ताठ उभं होतं, आपल्या लठ्ठ पोटासकट, निळ्या टिपा मिरवत. शेजारी काकू हात मागे घेऊन उभ्या. मास्तरांनी वाकून धुराड्यातून आत पाहिलं. तळाला त्यांच्याच मशीनचे बॉबिन भरले होते, दोऱ्यासकट.

ते काही बोलणार तोच काकू म्हणाल्या, "काय बघताय? उभं आहे ना? मग माळा झाडा. पुढचा किल्ला, आणि कापणार मी."

बाळाने हात पुढे करून धुराडं धरलं आणि उपटलं.

"अरे देवा!" लेक ओरडली.

"असू दे गं," काकू पदर सावरत चप्पल शोधू लागल्या. "अहो, तो पाकिटवाला रविवारी दुकान उघडतो ना? जहाजाची आपल्याकडे आता दोनच राहिली."