कोळंबीची कात

काशीत गाईला, वानराला, नागाला हात जोडणारे मी पुष्कळ पाहिले, पण कोळंबीची आई झालेला ब्राह्मण एकच, माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. घराणं रामघाटावरचं, भिक्षुकीचं. मासळीचा वाससुद्धा घराला माहीत नाही. या पठ्ठ्यानं शहराबाहेर तलाव घेतला आणि झिंगे पाळले. स्वतः कधी चाखले नाहीत. गिऱ्हाइकानं चव विचारली की म्हणायचा, "चव तुम्ही बघा, तब्येत मी बघतो." कोळंबी वाढताना कात टाकते, तेव्हा अंगानं मऊ असते. त्या दिवसांत हा तलावाकाठी चपला हातात घेऊन चालायचा. मी खोकलो तर डोळे वटारायचा, "भाऊजी, हळू! बाळंतिणी आहेत आत." ही हसून हसून लोळायची. ही गेल्यापासून तो आला की मला बरं वाटतं. नाक हिचंच आहे त्याचं.

यंदा कोळंबीला कात टाकता येईना. अर्धी निघे, अर्धी अंगाला अडकून राही, की मेली. वरच्या अंगाला भांड्यांना मुलामा देणारे कारखाने आहेत, त्यांचा नाला पावसात तलावात घुसला होता. शिसं आणि काय काय घेऊन. आमच्या शहाण्यानं काय करावं? तांब्यानं पाणी शुद्ध होतं, म्हणून घरातली ताम्हणं, पंचपात्र्या, घंगाळ, सगळं तलावात बुडवलं. वर मला म्हणतो, "ताईची कळशी देता?" दिली. पाणी तपासायला आलेल्या साहेबानं कपाळावर हात मारला. "पंडितजी, नाले में ज़हर कम था, जो आपने भी डाल दिया? ताँबा तो इनका काल है!"

उरलेली कोळंबी दिसायला धडधाकट होती. व्यापारी म्हणाला, "महाराज, कौन देखता है? बेच दीजिए." सगळ्या वर्षाची कमाई होती ती. हा म्हणाला, "खाने वालों के घर में भी बच्चे हैं." खड्डा खणला आणि स्वतःच्या हातानं सगळी पुरली.

तिथून तो चिखलाच्या पायांनी माझ्याकडे आला आणि सवयीनं थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याची सगळी रडगाणी तो तिथंच सांगायचा, ताईला. आत कोणी नव्हतं. तो वळेचना. समजूत घालणं मला कधी जमलं नाही, ते काम हिचं. ही काय म्हणाली असती ते माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी पाय धू, गाढवा. मग रड."

तो मोरीत गेला. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. पाणी वाया जातंय म्हणून ही केव्हाच ओरडली असती. मी आपला कान देऊन बसलो, ओरडतेय का.