गुंडप्पांचा ताबा

बेंबळी गावात संयमाचा विषय निघाला की गुंडप्पांचं नाव आधी यायचं. म्हणजे ते स्वतःच घ्यायचे. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना राग कसा आवरावा ते समजावायचे आणि मधेच आत बायकोवर, उमादेवीवर, खेकसायचे, "अगं, चहा काय पेरायला गेलीस का?"

भाची शिवानी धाराशिवला मानसशास्त्र शिकत होती. माणसाचा मनावरचा ताबा दिवसभरात कसा वरखाली होतो, हे तिला मोजायचं होतं. तिनं मामांच्या मोबाइलात एक अ‍ॅप घातलं. ते कधीही वाजणार आणि विचारणार: आत्ता राग किती? काय करावंसं वाटतंय? आवरलं का?

"माझं काय मोजतीस? माझं मन म्हंजे देवघरातली समई," मामा म्हणाले.

पहिल्यांदा मोबाइल वाजला तेव्हा तोंडात भजं होतं. डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं. 'काही खावंसं वाटत नाही' असं दाबून त्यांनी दुसरं उचललं. मग तो दुपारच्या झोपेत वाजला. त्यांनी तो उमादेवीच्या अंगावर टाकला. "इथून पुढं तूच दाब."

"काय दाबू?"

"खरं काय आसंल ते दाब. मला छळू नको."

उमादेवी खरं लिहीत राहिली. स्वतःचं.

महिनाभरानं शिवानी पेढे घेऊनच आली. "मामा, लिहिलेलं अजून वाचलं न्हाय, नुसता आलेख बघितला. राग सारखा टोकाला, आन् दर वेळी आवरलेला! असा माणूसच न्हाय दुसरा."

दुकानात चार माणसं होती. गुंडप्पा ऐसपैस बसले. "वाच मोठ्यानं. ऐकू दे ह्यांना बी."

शिवानीनं वाचलं, "'चहाचं पातेलं ह्यांच्या डोक्यात घालावं वाटतंय. आवरलं. माहेरी निघून जावं वाटतंय. आवरलं. हे संयमावर बोलाय लागलेत. तोंडात बोळा कोंबावा वाटतोय. लई कष्टानं...'"

पुढं तिला वाचवेना. एकजण तेलाच्या डब्यांकडं तोंड करून हसत होता.

"अगं ए!" गुंडप्पा गरजले.

उमादेवी पदराला हात पुसत दारात आली. "तुमीच म्हणला व्हता, खरं दाब."

शिवानीनं पेढे मामीच्या हातात दिले आणि अभ्यासात मामांच्या जागी मामीचं नाव घातलं.

गुंडप्पा अजूनही गिऱ्हाइकांना उपदेश करतात. हल्ली विषय असतो मोबाइलचे दुष्परिणाम.